पाननाक्याचा सूर

गुरुमूर्तींनी बूट आधीच घातले होते. गच्चीवर बूट घालून येऊ नये, हा नियम त्यांचाच. पण मुरलीची स्कूटर खाली उभी होती, आणि अंधार पडला की तिरुवैयारू गावी नदीवर किडे टिपायला येणाऱ्या वटवाघळांच्या जाती नोंदायच्या होत्या.

"मशीन एक, मागची सीट एक," मुरली म्हणाला. "ज्याचे कान बरे, तो माझ्याबरोबर."

गुरुमूर्ती हसले. मुरली हसला नाही, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

घराजवळच्या राजवाड्याच्या मनोऱ्यातून वटवाघळं बाहेर पडू लागली होती. मुरलीने मशीन कठड्यावर ठेवलं. माणसाच्या कानापलीकडचा त्यांचा आवाज ते ऐकू येईल इतका खाली आणत असे. चकती फिरवून त्या आवाजाचा आकडा धरायचा. आकड्यावरून जात कळे. नाकावर पानासारखा पडदा असलेल्या पाननाक्यांतही धाकटा आणि मोठा अशा जाती होत्या.

गुरुमूर्तींनी चकती फिरवली. बारीक शीळ आली. चकती पुढे सरकली तशी शीळ उतरत गेली, जाड झाली आणि बुडाली.

"गेलं," ते म्हणाले आणि शीळ पुन्हा लखलखीत येईपर्यंत चकती फिरवत राहिले. "हा घे आकडा. धाकटा पाननाक्या."

मुरलीने तो लिहून घेतला नाही. वटवाघळांवरचं पहिलं पुस्तक त्याला शाळेत असताना गुरुमूर्तींनीच दिलं होतं. त्याने जिन्याकडे पाहिलं. गुरुमूर्तींची बायको वेंकूबाई वाफाळत्या फिल्टर-कापीचे डबरे घेऊन वर येत होत्या.

"मामी, तुम्ही बघता?"

"अय्यो, मज काय कळतं त्यातलं?" असं म्हणत त्यांनी डबरे खाली ठेवले आणि पदराला हात पुसले.

तेवढ्यात गुरुमूर्तींनी मशीनवरची धूळ पुसावी तशी चकती पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

वेंकूबाईंनी आकड्याकडे पाहिलंच नाही. समोरच्या माडाकडे पाहत त्या चकती फिरवू लागल्या. शीळ सापडली. ती उतरू लागली तशी त्याही तिच्याबरोबर गुणगुणू लागल्या. गुरुमूर्तींनी एक बोट वर केलं. वाचताना घरात आवाज झाला की ते करत तसंच. वेंकूबाईंचं गुणगुणणं लगेच खाली आलं, तेव्हा येई तसंच. शीळ बुडाली. त्यांनी हात उचलला.

"येथें."

"अगे, आवाज तर गेला!"

"गेला नाही ओ, मिळाला. तंबुऱ्याची तार लागली की थरथर जाते ना, तसं."

मुरलीने वाकून आकडा पाहिला. "मोठा पाननाक्या! बरोबर मामी. सर, तुम्ही आकड्याच्या पुढे गेला होता."

"एकदा लागतं असं कोणालाही," गुरुमूर्ती म्हणाले. "पुन्हा कर."

चकती त्यांनी पुन्हा हलवली. या वेळी धूळ पुसल्याचं निमित्तही केलं नाही. वेंकूबाईंनी पुन्हा माडाकडे पाहिलं आणि पुन्हा तेथेच येऊन थांबल्या. गुरुमूर्तींच्या कपाटातल्या वटवाघळांवरच्या पुस्तकांचं एक पान त्यांनी कधी वाचलं नव्हतं. झाडून मात्र ठेवली होती. त्यांना हे आलं, याचं गुरुमूर्तींना तितकं लागलं नाही. सहज आलं, याचं लागलं. असले कान याच घरात होते, आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही!

"नुसत्या आकड्याने होत नाही," ते म्हणाले. "उडतं वटवाघूळ निराळं. मुरली, प्रतिध्वनीचं सांग तिला. समजतं का बघू."

मुरलीने कापीचा घोट घेतला. "मामी, पाननाक्या भिंतीकडे उडत निघाला की त्याचा आवाज भिंतीवरून चढा होऊन परत येतो. तो त्याच्या कानाला चालत नाही. म्हणून तो आधीच आपला आवाज खाली आणतो. मग परत येणारा बरोबर सुरात येतो."

"स्वतःचा सूर सोडून?"

"होय."

"दर वेळेस?"

"दर वेळेस, मामी."

वेंकूबाईंनी मनोऱ्याकडे पाहिलं.

"दमत नाही?"

मुरली हसला. "ते कोणी मोजलेलं नाही अजून."

"आणि उडत नसला तर?"

याचं उत्तर गुरुमूर्तींना येत होतं. मुरलीच्या आधी ते घाईघाईने म्हणाले, "एका जागी बसला की आपल्या मूळ सुरात ओरडतो. सगळ्या पुस्तकांत आहे."

"सरी, बरं," वेंकूबाई म्हणाल्या. रिकामे डबरे उचलून त्या जिना उतरल्या. मशीन पिशवीत घालून मुरलीही त्यांच्यामागे गेला.

गुरुमूर्तींनी बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधल्या. टॉर्च लावून पाहिला, विझवला. मग कठड्यावरून वाकले.

स्कूटरच्या मागच्या सीटवर वेंकूबाई बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, मशीनची पिशवी मांडीवर.

"अहो!" त्यांनी हाक मारली.

समोरच्या दारात कोलमची रांगोळी काढणारी बाई हात थांबवून वर बघू लागली. असा आवाज तिने त्या घरातून ऐकला नव्हता. गुरुमूर्तींनीही नव्हता.

"इडल्या झाकून ठेवल्यात! बूट काढून जेवा!"

हाक राजवाड्याच्या भिंतीवर जाऊन तशीच्या तशी परत आली. गुरुमूर्तींचं एक बोट आपोआप वर झालं. स्कूटर सुरू झाली होती. खालून ते कोणाला दिसलं नाही.