अर्धा डबा

१९७१ च्या जूनमध्ये शहरबानूने कुवेतमधल्या वफ्र्याच्या वाळूत काकडीचं बी पेरलं. नवरा तिथल्या शेतावर माळी होता, आणि रत्नागिरीकडे मृगालाच पेरतात एवढंच तिला ठाऊक होतं. आठवड्याभरात सगळे कोंब उन्हाने करपले. "तुमचं हिंदुस्थानी बियाणं इथे चालायचं नाही," शेतमालक म्हणाला. "बियाणं बरं हाय. वख्त मी चुकवला," असं म्हणून तिने दुधाच्या पावडरीचा डबा उघडून दाखवला. पाऊस दगा देईल म्हणून गावाकडे अर्धं बी राखून ठेवतात. तिनेही सवयीने ठेवलं होतं. ते तिने ऊन उतरल्यावर ऑक्टोबरात पेरलं आणि डिसेंबरात पहिली काकडी मालकाच्या हातावर ठेवली. यंदा ऑक्टोबरात तिच्या नातीने, जवेरियाने, सालमियातली बँकेची नोकरी सोडून त्याच वफ्र्यात ग्रीनहाऊस भाड्याने घेतलं. दादी आता नव्हती. दर हंगामात नवं बी धरून तिने भरत ठेवलेला तो डबा तेवढा उरला होता. जवेरियाने वाफ्यांत बी टोचलं आणि डब्याला झाकण लावलं. आत अर्धं बी तसंच होतं. शेजारी उभे असलेले तिचे वडील वैतागले. "अगं, इथे ठिबक आहे, कूलर आहे. पाऊस कुठला दगा देतोय? सगळं पेरून टाक." जवेरियाने डबा काखोटीला मारला. "पावसासाठी नाही ठेवलं, अब्बा," ती हसून म्हणाली. "हे माझ्या चुकीसाठी."