पुढच्या अंकाचा विषय

थोरली जाऊ मासिक चालवायची. दर अंकाला एकच विषय द्यायचा आणि सगळ्यांनी त्यावरच कथा लिहायची. पण वाचकांची पत्रं यायची ती धाकट्या जावेच्या कथेला. थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

धाकटीला पोहता येत नाही, म्हणून थोरलीने मुद्दाम ‘डोह’ हा विषय दिला. धाकटीने वाचणाऱ्याचा श्वास कोंडेल असा डोह लिहिला. ती कुत्र्याला बघून पळते, म्हणून ‘कुत्रं’ दिला, तर वाचक ढसाढसा रडले.

शेवटी थोरलीने ‘मत्सर’ दिला. जिला सगळं आयतं मिळतं, तिला मत्सर काय कळणार डोंबल!

संध्याकाळीच कथा हजर. वाचता वाचता थोरलीचे कान तापले.

“इतक्या लवकर कशी गं सुचली?”

“आत्ता कुठे, जाऊबाई? तुम्ही ‘डोह’ दिलात ना, त्याच दिवशी लिहून ठेवली होती.”