ईदच्या वड्या

घशाच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी विमलताईंना पहिल्यांदा तोंडाने खायला मिळालं. वाटीत दुधाच्या पांढऱ्याशुभ्र, थरथरत्या वड्या होत्या.

"हाडांपासून करतात ना हे?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"नाही हो, ते जिलेटिन," हॉस्पिटलमधली आहारतज्ज्ञ म्हणाली. "हे चायना ग्रास. समुद्रातल्या शेवाळापासून होतं. निर्धास्त खा."

गार वडी जिभेवर ठेवली अन् विमलताईंना रत्नागिरीची चाळ आठवली. शेजारची जुबेदा दर ईदला अशाच वड्या पाठवायची, वर गुलाबाची पाकळी लावून. हाडांच्या धास्तीने विमलताई त्या गुपचूप मोरीत टाकायच्या आणि धुतलेली वाटी परत देताना म्हणायच्या, "झकास झाल्या होत्या हं!" तिला एकदा विचारावं, एवढंही त्यांच्याने झालं नाही. अकरा वर्षं हेच चाललं. मग यजमानांची बदली झाली आणि चाळ सुटली.

संध्याकाळी त्यांनी लेकीला सांगून जुबेदाचा नंबर मिळवला. ख्यालीखुशाली झाल्यावर त्या म्हणाल्या, "जुबेदा, तुझ्या वड्या मी एकदाही खाल्ल्या नाहीत गं. आज पहिल्यांदा चव कळली."

पलीकडे जुबेदा हसली. "ठाऊक होतं मला. तुझ्या मोरीचं पाणी माझ्याच दारावरून जायचं."

"मग पाठवत का राहिलीस?"

"एखाद्या वर्षी खाशील, असं वाटायचं."