औषध लागलं

"सिस्टर, ते उलटीचं इंजेक्शन आजपासून बंद करा," उद्धव सर हळूच म्हणाले.

मनतशा त्यांची बाटली स्टँडला अडकवत होती. नांदेडच्या या वॉर्डात केमोला येणारा जो तो उलटी थांबवायचं इंजेक्शन आधी मागून घ्यायचा. नको म्हणणारा हा पहिलाच. तिला वाटलं, सर चेष्टा करून राहिले.

पण सर चेष्टेत नव्हते. दाराकडे एकदा बघून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

पहिल्या चार डोसांना त्यांचे हाल कुत्रं खात नव्हतं. हिमायतनगरला घरी पोचेस्तोवर जीपमध्येच तीनदा ओकायचे. त्यांच्या बायकोला, चंद्रप्रभाबाईंना, शेजारच्या साहेबरावांनी सांगून ठेवलेलं, की उलटी झाली म्हणजे औषध लागलं. झालं! बाईंनी ते असं मनावर घेतलं, की सर ओकायला लागले की त्या पाठ चोळत रडायच्या आणि वर बरं झालं म्हणायच्या.

पाचव्या डोसानंतर मात्र काहीच झालं नाही. घरी येऊन सरांनी चांगलं पोटभर वरण-भात खाल्ला. आता ही खूश होईल, असं त्यांना वाटलं. बाईंचा चेहराच उतरला.

"आज न्हाई झाली उलटी?" त्यांनी विचारलं. घडीभरानं पुन्हा विचारलं. मग आपलं ताट तसंच ठेवून भिंतीकडे बघत बसल्या.

तीस वर्षं पोरांच्या थापा पकडणारा हा मास्तर उठला, न्हाणीत गेला, आतून कडी लावली आणि घशात दोन बोटं घातली. बाहेरून बाईंचा आवाज आला, "लागलं बघा औषध." मग कुठं त्या जेवल्या.

तेव्हापासून दर डोसाला तेच नाटक. पुढचे चार दिवस, दिवसातून दोनदा. बाई दाराला कान लावून उभ्या, आणि सर आत कोंडल्यासारखे. एखाद्या दिवशी चुकलं तर बाईंना घास उतरत नसे. मागच्या डोसाला तर घशातून रक्त आलं. सरांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि तोंड पुसून बाहेर आले.

"मी बरा होऊन राहिलोय, मला समजतंय," सर म्हणाले. "पण तिला ओकल्याशिवाय पटत नाही. खोटं मला आता जमेना. खरीच होऊ द्या."

मनतशाचा हात नळीवरच थांबला. चंद्रप्रभाबाई खाली चहा आणायला गेल्या होत्या. जिन्याकडे बघत ती कॉटवर टेकली.

"घशात बोटं घालू नका, सर. शपथ हाय तुम्हाला."

"मग इंजेक्शन बंद करा."

"ते पाचव्या डोसापासून बंदच हाय."

सरांना हसू आलं. मग उलटी का होत नाही, त्यांनी विचारलं.

ती खाली मान घालून म्हणाली, "बाटलीत औषधच नसतं, सर. नुसतं सलाईन. आता उपयोग न्हाई म्हणून डॉक्टरांनी औषध थांबवलं. आन् तुम्हाला कळू देऊ नका म्हणून काकूंनीच आमच्यापुढं हात जोडले."