पिवळी उमलली

धाकटीने तळ्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातला दात घासायचा ब्रश पाण्यात पडला.

"अहो! अहो, बाहेर या! उमलली!"

नवरा अर्ध्या गालाला साबण लावलेला, तसाच धावत आला. "काय झालं? कोण पडलं?"

"पिवळी लिली हो! नर्सरीवाला म्हणाला होता ना, तुमच्या पाण्यात ही फुलायचीच नाही, ती!"

गाऊन वर खोचून ती पाण्यात उतरली. मधमाश्यांनी आधीच दुसरे पराग आणून गडबड करू नये म्हणून कळीवर जाळीची पिशवी बांधलेली होती. ती सोडली आणि वाकून पाहिलं. फुलाच्या पोटात मधोमध पाण्याचा टपोरा थेंब चमकत होता. तो फक्त पहिल्या दिवशी असतो. त्या थेंबात दुसऱ्या लिलीचे पराग मिसळले तरच नव्या जातीचं बी धरतं. उद्या थेंब सुकला की खेळ खलास.

तिला लाल हवी होती. पिवळीत लाल मिसळली तर काय रंग येईल, या विचाराने तिची झोप उडाली होती. पण तिच्या लालच्या सगळ्या कळ्या गोगलगायींनी फस्त केल्या होत्या. फुललेली लाल एकाच तळ्यात होती. भिंतीपलीकडे, थोरल्या जावेकडे.

घराची वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी मिळून केलेली शेवटची गोष्ट म्हणजे ही भिंत. छातीएवढीच होती, पण त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. मग जावांनीही तोंडं मिटली.

"मागू का?" धाकटीने विचारलं.

"तिकडे? नाव काढू नकोस."

"दुपारी फूल मिटेल."

"मिटू दे."

तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, बादली भिंतीशी पालथी घातली आणि वर चढली. पलीकडे थोरली पाठमोरी बसली होती.

"वहिनी..."

थोरलीने मान वळवली नाही.

"वहिनी, माझी पिवळी..."

"दिसतेय मला. गॅलरीतून रोज बघतेय ती कळी. म्हटलं, फूल उमलायचं आणि ही बया झोपलेलीच राहायची!" थोरली उठून वळली. तिच्या हातात वाटी होती. वाटीत लाल लिलीचे कापलेले पुंकेसर, परागांनी माखलेले. "कालच कापून फ्रिजमध्ये ठेवले होते. आता बघत काय बसलीस? हात दे मला."

"थांबा, स्टूल आणते."

"स्टूल गेलं खड्ड्यात! भाऊजी, तुम्ही ही वाटी धरा. आणि फुंकर मारू नका हं, सगळं उडेल."

इतक्या दिवसांनी कानावर पडलेलं 'भाऊजी' ऐकून धाकटीचा नवरा गडबडला. त्याने मुकाट्याने वाटी घेतली आणि श्वास रोखून उभा राहिला. थोरली भिंतीवर चढली, चप्पल पलीकडेच गळून पडली, आणि ती धप्पकन अलीकडे उतरून थेट तळ्यात शिरली.

"चष्मा राहिला गं. तू टाक."

"माझा हात थरथरतोय, वहिनी."

"मग दोघी टाकू."

धाकटीने परागांसाठी काठावर ठेवलेला रंगकामाचा बारीक ब्रश दोघींनी मिळून धरला. परागाची भुकटी थेंबावर पडली, क्षणभर तरंगली आणि हळूच आत विरघळली. मग धाकटीने फुलावर पुन्हा पिशवी बांधली, गाठ थोरलीने मारली.

"केशरी येणार," धाकटी म्हणाली.

"छट्! गुलाबी. कडेला पिवळी झाक."

"पैज?"

"पैज! पण बी रुजून फूल यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, ठाऊक आहे ना? तोवर रोज येऊन बघणार मी. आधीच सांगून ठेवते."

"या की. अडवलंय कोणी?" असं म्हणून धाकटीने टाळीसाठी हात पुढे केला, थोरलीने जोरात टाळी दिली, तळाच्या चिखलात दोघींचे पाय एकदम सटकले आणि दोघी बदकन पाण्यात बसल्या. मग ज्या हसायला लागल्या, त्या थांबेचनात.

त्या आवाजाने थोरला बाहेर आला. पेपर हातात तसाच. भिंतीशी येऊन त्याने पाहिलं: गळ्यापर्यंत भिजलेली बायको, तिच्या गळ्यात पडलेली भावजय, आणि वाटी धरून उभा असलेला, गालावर साबण वाळलेला भाऊ.

दोघींचं हसू जागच्या जागी विरलं.

थोरला भावाकडे बघत राहिला.

"पाणी फार गार आहे का रे?"

धाकट्याने वाटी जपून काठावर ठेवली. "उतरून बघ ना, दादा."

तोवर थोरल्याने पेपर भिंतीवर टाकला होता आणि वाकून तो विजारीचे पाय वर दुमडू लागला होता.