साक्षीला दादा

सकाळी साडेदहाला बाबांनी राहत्या घराच्या मृत्युपत्रावर सही केली. साक्षीदार म्हणून पहिली सही शेजारच्या डॉक्टरांनी केली. दुसऱ्या सहीसाठी धाकटी लेक पुढे झाली, तर बाबा म्हणाले, "तू नको गं, दादा करेल. वकील कशाला झालाय मग?"

वकील दादाची छाती फुगली. "वाचू तरी द्या, बाबा."

"साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. तूच सांगतोस ना सगळ्यांना?"

बत्तीस वर्षं अशिलांपुढे घसा कोरडा केला, निदान घरात तरी कोणी ऐकलं, या आनंदात त्याने झोकदार सही ठोकली. बाबांनी पाकिटाला डिंक लावला.



पाकीट कपाटात गेल्यावर त्याला स्वतःच्याच व्याख्यानातलं पुढचं वाक्य आठवलं: ज्याला वाटा मिळणार आहे, त्याची साक्षीला सही घेऊ नये.