दोनशेचे की चारशेचे

"दोनशेचे बस्स होतील, बाबा," धाकटी म्हणाली आणि सासऱ्यांनी लगेच मान डोलावली. थोरलीला ते जिव्हारी लागलं.

त्यांच्या बर्फाच्या कारखान्याचा वीजपुरवठा वाढायचा होता. आजवर तारा सरळ मीटरमधून जात. वाढलेला प्रवाह त्याला झेपला नसता. म्हणून तिन्ही फेजच्या केबलींवर एकेक सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, बसवायचा होता. कड्यासारखा हा सीटी प्रवाहाचा ठरावीक लहानसा हिस्साच मीटरकडे पाठवतो. तो दोनशे अँपिअरचा घ्यायचा की चारशेचा, एवढाच प्रश्न होता.

लग्न होऊन आल्यापासून पॅनेलची खोली थोरलीने सांभाळली होती. वायरिंगचा परवाना तिने पोरं लहान असताना, रडतकढत मिळवला होता. धाकटी येऊन वर्ष झालं नव्हतं, तरी सासरे तिला 'इंजिनिअरबाई' म्हणत. थोरलीला त्यांनी कधी 'वायरमनबाई'सुद्धा म्हटलं नव्हतं. नवा मीटर फिरू लागला की कारभार एका सुनेच्या हाती देणार, असंही ते जेवताना बोलून गेले होते.

त्यात धाकटी गोड. तेच जास्त खुपायचं. आपला हिशेब घेऊन ती थोरलीकडेच आली. "ताई, एकदा नजर टाका ना. चुकलं असेल तर सांगा."

हिशेब चोख होता. थोरलीने तो परत दिला. "तुझं कुठे काय चुकतं?"

धाकटी बाजारात गेल्यावर थोरलीने दुकानदाराला फोन लावला. स्वतःचं नाव सांगितलं नाही. इंजिनिअरबाईंचा निरोप आहे, दोनशेचे नकोत, चारशेचे पाठवा, एवढंच बोलून तिने फोन ठेवला. एवढ्याशा भाराला चारशेचे सीटी म्हणजे हत्तीच्या काट्यावर जिरं तोलण्यासारखं. वीज कंपनीचा तपासनीस ते पाहताच नापास करणार आणि इंजिनिअरबाईंची चारचौघांत शोभा होणार. दिवसभर ती गुणगुणत होती.

केबल आली ती चांगलीच जाडजूड. स्वस्तात मिळाली, असं सासरे म्हणाले. अंगापेक्षा बोंगा मोठा, थोरली मनात म्हणाली. मग सीटींचा सीलबंद डबा आला. तो तपासनीसासमोरच उघडू, असं धाकटी म्हणाली, तेव्हा थोरलीचा जीव भांड्यात पडला.

तपासणीच्या सकाळी सगळे पॅनेलसमोर जमले. दुकानदारही हजर होता. धाकटीनेच त्याला मुद्दाम बोलावलं होतं. त्याला पाहून थोरली दोन पावलं मागे सरकली. पण निरोप इंजिनिअरबाईंच्या नावाने गेला होता. दुकानदार बोट दाखवणार ते धाकटीकडेच, अशी तिने मनाची समजूत घातली.

तपासनीसाने सील तोडलं, एक सीटी उचलला, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला. "चारशे."

धाकटी दुकानदाराकडे वळली. ती काही बोलणार, तोच तपासनीस पुढे म्हणाला, "बरोबर. मंजूर भाराला हेच हवेत."

दोघींनी एकदमच सासऱ्यांकडे पाहिलं. ते मिशीत हसत होते. शेजारची शेड त्यांनी विकत घेतली होती. तिथे दुसरा कॉम्प्रेसर बसणार होता आणि भार दुप्पट करण्याचा अर्ज त्यांनी गुपचूप मंजूर करून घेतला होता. आज सगळ्यांना चकित करायचं आणि मग सीटी बदलून आणायचे, असा त्यांचा बेत होता. पण त्यांच्याच घरात कुणीतरी केबलची जाडी पाहून सगळं ताडलं होतं. ही अक्कल कुणाची, असं त्यांनी विचारलं.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं, धाकटीने थोरलीकडे.

सासऱ्यांचा ऊर भरून आला. श्रेय एकमेकींना द्यायला निघालेल्या असल्या सुना नशिबाने मिळतात, असं ते तपासनीसाला म्हणाले. यापुढे कारभार दोघींनी मिळूनच बघायचा, असं सांगून त्यांनी पॅनेलच्या खोलीची किल्ली दोघींच्या हातांत मिळून ठेवली आणि पाहुण्यांना घेऊन ते चहाला गेले.

खोलीत दोघीच उरल्या. किल्ली कुणीच सोडत नव्हतं.

"इतकी वर्षं माल तुम्हीच मागवताय," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "दुकानदार तुमचा आवाज ओळखणार नाही? त्याने लगेच मला विचारलं होतं, ताई. मीच त्याला म्हटलं, चारशेचेच पाठव आणि तपासणीला ये. फोन कुणाचा होता ते सगळ्यांसमोर तुझ्याच तोंडून ऐकू दे."